ब्लेझरचा वाद आणि राधानगरीची दारं

भाचीला ऑक्सफर्डकडून इंजिनिअरिंगच्या इंटरव्ह्यूचा मेल आला आणि घरच्या ग्रुपवर पहिला प्रश्न काय, तर अंगात काय घालायचं. तयारी कुठवर आली, तिथं विचारतात काय, हे एकानंही विचारलं नाही. काकांनी नेव्ही ब्लू ब्लेझर ठरवूनच टाकला, मामी म्हणाल्या साडी नेस, आपली संस्कृती दिसते, आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या कुठल्याशा पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटवाल्या सरांनी तर हसताना दात किती दाखवायचे इथपर्यंत मजल मारली. बोलायचं काय? इस्रो, एआय, स्टार्टअप. वर वहिनीच्या बहिणीचा सल्ला, "पूर, ऊस, शेताबिताचं काढू नको गं, गावंढळ वाटतं."

इथं माझं डोकं फिरलं. हीच मंडळी २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखं चप्पल दाखवलं म्हणून पेटली होती, २०१९ चा जीआय टॅग, चार जिल्हे महाराष्ट्राचे, चार कर्नाटकचे, सगळं तोंडपाठ. चपलेचा एवढा अभिमान आणि पोरीनं घरच्या नदीबद्दल बोलायचं म्हटलं की लाज!

अहो इंटरव्ह्यू टीम्सवर, व्हिडिओ कॉलवर आहे. खांद्याच्या खालचं काही दिसत नाही, निऱ्या कोण बघणार? समोर दोन ट्यूटर असतात, त्यातला एकजण बहुतेक कोपरावर विरलेल्या स्वेटरमध्येच असेल, आणि कपड्यांचं युनिव्हर्सिटी स्वतःच सांगते, तुम्हाला बरं वाटेल ते घाला. ते एक गणित टाकतात, मिरो नावाच्या ऑनलाइन फळ्यावर ग्राफ काढायला लावतात, उत्तर आलं की अट बदलून पुन्हा विचारतात. अडकलात तर थोडं ढकलतात. त्यांना बघायचं असतं की हिला शिकवायला बसलं तर पुढं सरकते का नाही, कारण तिथं शिकवणं पण असंच, दोन-तीन पोरं आणि एक ट्यूटर. आपल्याकडं सीईटी, पर्सेंटाईल, कॅप राउंड, पोराला तुला काय वाटतं असं कुणी विचारतच नाही, त्यामुळं विचारणार म्हटलं की आपण थेट टेलरकडं पळतो.

(कपड्यांचं म्हणाल तर गंमत अशी की त्याच ऑक्सफर्डमध्ये परीक्षेला मात्र गाऊन, पांढरा शर्ट, काळा बो-टाय असला सबफस्क लागतो. २०१५ मध्ये पोरांनी मतदान केलं, तीनचतुर्थांशांहून जास्त म्हणाले राहू दे. आणि माझ्या लेकाच्या शाळेत टाय सैल असला तर डिटेन्शन. पण ते वेगळं.)

तर ऊस-पुराचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा दादाच्या शाहूपुरीतल्या घरात खालच्या मजल्यावर पाणी होतं. ही एवढीशी पोरगी, जिन्यात बसून दर तासाला भिंतीवर खडूनं रेघ मारायची आणि शेजारी वेळ लिहायची. वहिनी ओरडत होती वर ये म्हणून. वहिनीनं फोटो पाठवलेला, माझ्याकडं अजून आहे, खालच्या रेघा लांब लांब आणि वर वर जवळ जवळ. म्हणजे पाणी चढतंय पण चढायचा वेग कमी होतोय! शाळेत हे शिकायच्या आधी पोरीनं भिंतीवर काढून ठेवलं होतं, आणि तुम्ही तिला स्टार्टअप पाठ करायला लावताय.

आणि राधानगरी? शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं धरण, सात स्वयंचलित दारं, पाणी ठराविक पातळीला गेलं की बटण नाही, वीज नाही, दार आपलं आपण उघडतं, पाणी उतरलं की आपलं आपण मिटतं. दर पावसाळ्यात "तीन नंबरचं उघडलं, सहा नंबरचं उघडलं" हे आपण क्रिकेटच्या स्कोअरसारखं ऐकतो. ते उघडतं कसं, जोर कुठल्या बिंदूभोवती तोलला जातो, याच्याइतका चांगला प्रश्न तो ट्यूटर तरी कुठून आणणार?

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं. काकांचं उत्तर, "तुला तिकडं बसून बोलायला काय जातंय." लागलं मला. कारण इथं इंग्लंडात कुणी विचारलं गाव कुठलं तर मी मुंबईजवळ म्हणून सांगते, चारशे किलोमीटर म्हणजे जवळच की! माझा लेक पण यंदा यूकॅसचे, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीच्या अर्जातले, ते नवीन तीन प्रश्न घेऊन बसलाय, चार हजार कॅरेक्टर, आणि त्याच्याकडं ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्डचा शाळेतल्या पोरांचा कॅम्प सोडला तर लिहायला काही नाही. त्याला पंचगंगा म्हणजे आईच्या गावची नदी, एवढंच.

मग रात्री दादाचा फोन आला. ग्रुपवर तो एका शब्दानं बोललेला नाही. परदेशी मुलांना इंजिनिअरिंगची फी वर्षाला ४० हजार पौंडांच्या पुढं आहे, हे त्यानं स्वतः काढून ठेवलेलं. ब्लेझरवर सगळे भांडत होते कारण ब्लेझर परवडतो. म्हणाला, "ॲडमिशन झालंच तर तुझ्याकडं राहू दे का? तेवढाच खर्च वाचंल." मी सांगितलं, अरे माझं रेडिंग ऑक्सफर्डपासून पडतं २५ मैल आणि तिथला नियम आहे, अंडरग्रॅजुएटनं टर्ममध्ये कारफॅक्सपासून, म्हणजे ऑक्सफर्डच्या मधल्या चौकापासून, सहा मैलांच्या आतच राहायचं. "असला कसला गं नियम," म्हणाला. नियम खरा आहे, शोधून बघा. पण तो सांगताना मला हायसं वाटलं, हे दादाला कळलं असणार, कारण त्यानंतर तो हवापाण्याचंच बोलत राहिला.