ल्यापुनोववरील ‘नक्कल’ या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रशियन संगीतकार सेर्गेई ल्यापुनोवच्या बारा ट्रान्सेंडेंटल एट्यूड्स (पियानोवरील अतिशय अवघड अभ्यासरचना) म्हणजे त्याच नावाचा संच आधी लिहिणाऱ्या हंगेरियन पियानोवादक-संगीतकार लिस्टची निव्वळ उष्टावळ आहे, आणि 1903 मध्ये नव्या वळणाच्या स्क्रियाबिन या रशियन संगीतकाराने पियानोचा चौथा सोनाटा लिहिल्यानंतर असल्या रचनांना काय अर्थ उरतो, असा आपल्या प्रतिक्रियेचा रोख आहे. यात दोन आरोप एकमेकांत मिसळले आहेत. ही शैली काळाच्या मागे होती, हे मला मान्य आहे. ती नक्कल आहे, हे मात्र मान्य नाही.

ल्यापुनोवने ऋण लपवलेले नाही. 1897 ते 1905 या काळात रचलेला हा संच त्याने लिस्टच्या स्मृतीला अर्पण केला. लिस्टचा संच सी मेजर या पट्टीपासून निघून फ्लॅट (कोमल स्वर) वाढवत बी फ्लॅट मायनरपाशी थांबतो. ल्यापुनोव तिथून पुढे, एफ शार्प मेजरपासून, शार्पच्या (तीव्र स्वरांच्या) उरलेल्या पट्ट्या घेत ई मायनरला पोहोचतो. दोघांचे मिळून चोवीस पट्ट्यांचे वर्तुळ पुरे होते. शिवाय त्याचा मॉस्कोतील गुरू कार्ल क्लिंडवर्थ हा लिस्टचाच शिष्य, तेव्हा प्रशिष्याच्या हाताला ते वळण असणारच.

प्रश्न त्या हाताने काय वाजवले हा आहे. तिसरी एट्यूड ‘कारियाँ’ (घंटानाद) ऐकावी. नाव फ्रेंच असले तरी नाद रशियन चर्चचा आहे. रशियन घंटांवर सहसा चाल वाजवत नाहीत. मोठी घंटा संथ ठोके देते आणि लहान घंटा त्यावर द्रुत लयीचे थर चढवतात. ल्यापुनोव पियानोवर नेमके हेच थर रचत जातो, आणि त्यांतून स्तोत्रासारखी एक चाल वर येते. 1893 मध्ये रशियन जिऑग्राफिकल सोसायटीच्या कामासाठी व्होलोग्डा, व्याटका, कोस्त्रोमा या रशियन प्रांतांतील लोकगीते गोळा करणाऱ्या माणसाचा कान इथे जाणवतो.

उसनवारीच दाखवायची, तर सावकार निराळा आहे. दहावी ‘लेझगिन्का’ ही कॉकेशसमधील नृत्यावरची रचना रशियन संगीतकार बालाकिरेव्हच्या 1869 मधील ‘इस्लामे’ या पियानोरचनेच्या सावलीत उभी आहे. पुढे त्या ‘इस्लामे’चे वाद्यवृंदासाठी रूपांतर ल्यापुनोवनेच केले, आणि बालाकिरेव्हचा अपुरा राहिलेला दुसरा पियानो कॉन्चेर्टोही (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना) त्यानेच पुरा केला. आपल्या आक्षेपात या नात्याचा उल्लेखच नाही, याचे मला नवल वाटले.

बाराव्या, लिस्टच्या स्मरणार्थ लिहिलेल्या एलेजीबद्दल (शोकरचनेबद्दल) मात्र मी आपल्याशी वाद घालणार नाही. तिथला लिस्टच्या हंगेरियन रॅप्सडी या पियानोरचनांचा थाट उघडच उसना आहे, आणि ती लांबतेही.