दहा कोटींत एक? गुणाकार बरोबर, प्रश्न चुकीचा

घरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: 'दहा हजारांत एकाला होणारे दोन जनुकीय आजार एकाच मुलाला होण्याची शक्यता दहा कोटींत एक. म्हणून डॉक्टरांनी दुसरं निदान सांगितलं की समजा, लॅबचा गल्ला भरतोय. शिवाय घराण्यात कुणाला नव्हतं, तर आजार जनुकीय कसा?'

आधी ते दहा कोटी. हा आकडा आधीच ठरवून घेतलेल्या एका जोडीचा आहे. दुर्मिळ आजार सात हजारांच्या घरात धरले, तर त्यांच्या जोड्या होतात जवळपास अडीच कोटी! आपल्याच तिकिटाला लॉटरी लागणं कठीण, पण कुणाच्या तरी तिकिटाला लागतेच. अमेरिकेतल्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनच्या संशोधकांनी २०१७ साली ७,३७४ रुग्णांच्या एक्झोम तपासणीचा (जनुकांमधले प्रथिनं बनवणारे सगळे भाग एकदम वाचणाऱ्या चाचणीचा) हिशेब मांडला. निदान लागलं २,०७६ जणांचं, आणि त्यातल्या १०१ जणांत दोन किंवा अधिक जनुकीय आजार निघाले. म्हणजे निदान लागलेल्या साधारण वीस जणांत एक.

बरं, गुणाकार चालतो तो दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसेल तरच. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे कित्येक घरांत आजही चालतं. आजी-आजोबांकडून आलेला तोच दोष दोघांकडे असू शकतो, आणि एक असू शकतो तसे दोनही. कधी तर गुणसूत्राचा तुकडाच गळालेला असतो. १९८५ साली अशा एका मुलाची नोंद प्रसिद्ध झाली: एक्स गुणसूत्राचा लहानसा भाग नाही, आणि त्यापायी स्नायू झिजवणारा ड्युशेन, जंतूंशी लढणाऱ्या पेशी निकामी करणारा आजार आणि दृष्टिपटलाचा आजार, सगळं एकत्र. त्याच गळालेल्या तुकड्याच्या आधाराने पुढे ड्युशेनचं जनुक सापडलं. याला लॅबचा गल्ला म्हणायचं का?

लॅबवरचा संशय मात्र अगदीच बिनबुडाचा नाही. रिपोर्टात 'अर्थ अनिश्चित' असा शेरा असलेला बदल म्हणजे निदान नव्हे. आई-वडिलांचे नमुने तपासले का, मुलाची कोणती लक्षणं पहिल्या आजारात बसत नाहीत, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

राहिलं घराणं. कधी बदल मुलातच नव्याने झालेला असतो. अप्रभावी आजार आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच होतो; त्यात आई-वडील दोघंही वाहक असतात, म्हणजे एकेक सदोष प्रत बाळगतात, आणि ठणठणीत असतात. पिढ्यान् पिढ्या काही दिसत नाही. असे दोन वेगवेगळे आजार असतील, तर पुढच्या बाळाला किमान एक तरी होण्याची शक्यता चारांत एक नव्हे, सोळांत सात. आणि दुसरं निदान 'लॅबचा डाव' म्हणून फाईलबंद केलं, तर पुढच्या खेपेला गर्भचाचणी होते फक्त पहिल्या जनुकाची. ती 'नॉर्मल' आली म्हणून घरी पेढे वाटले, तरी दुसऱ्या आजाराची चारांत एक शक्यता तशीच असते.