एमआरए नॉर्मल आला म्हणजे पक्षाघात होणार नाही? तो मेसेज पुढे पाठवू नका

नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळेच्या जुन्या मित्रांच्या सगळ्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय की चाळिशीनंतर दरवर्षी मेंदूचा एमआरए, म्हणजे रक्तवाहिन्यांचा एमआरआय, करून घ्या, नॉर्मल आला की पक्षाघाताची भीती गेली, कुणाला झटका आलाच तर सीटी स्कॅनला नाही म्हणा आणि थेट एमआरआयचा हट्ट धरा, रेडिएशन नसल्यामुळे धोका शून्य. मी एमआरआय मशीनवर काम करते आणि यातली सीटीची गोष्ट जिवावर बेतू शकते, म्हणून आधी तीच.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळायला लागली की डॉक्टरांना सगळ्यात आधी बघायचं असतं की आत रक्तस्राव झालाय का, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन रक्तस्राव असताना दिलं तर माणूस जाऊ शकतो, आणि रक्तस्राव सीटीत काही मिनिटांत दिसतो. ते इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी नस बंद झाली की दर मिनिटाला अंदाजे 19 लाख मेंदूपेशी मरतात, मिनिटाला! एमआरआयला मात्र पेसमेकर आहे का, अंगात धातू आहे का हे विचारावं लागतं, पेशंट स्वतः बोलू शकत नाही, घरच्यांना आठवत नाही, त्यात तो हलला की इमेज खराब. काही ठिकाणी तयारी असते म्हणून आधी एमआरआयच करतात, पण ते तिथल्या डॉक्टरांना ठरवू द्या ना, काउंटरवर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

नॉर्मल म्हणजे भीती गेली, हेही खरं नाही. नेहमीच्या एमआरएमध्ये इंजेक्शन लागत नाही, वाहत येणारं ताजं रक्त उजळ दिसतं आणि आजूबाजूचा स्थिर भाग काळपट, त्यामुळे मोठ्या नसा छान दिसतात. पण मेंदूत खोल शिरणाऱ्या, मिलिमीटरपेक्षाही बारीक नसा त्यात नीट दिसत नाहीत आणि बीपी-शुगरवाल्यांचे बरेच छोटे स्ट्रोक तिथेच होतात. शिवाय ठोके अनियमित असतील तर गुठळी हृदयात बनते आणि वर जाते, तिला मागच्या महिन्यातला स्वच्छ एमआरए काय अडवणार? उलटंही होतं, रक्त हळू वाहत असेल किंवा भोवरे होत असतील तर तिथला सिग्नल जातो आणि ब्लॉकेज आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणून मग सीटी अँजिओ, म्हणजे नसेत औषध सोडून काढलेला रक्तवाहिन्यांचा सीटी, सांगतात, दर वेळी पैसे काढायलाच सांगतात असं समजू नका.

दरवर्षी करायचं म्हणाल तर काहीच त्रास नसलेल्यांनी कशाला? अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने 2021 मध्ये लक्षणं नसलेल्यांच्या, मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेच्या धमन्या सरसकट तपासू नका असंच पुन्हा सांगितलं. मेंदूच्या नसेवर न फुटलेला फुगा, म्हणजे ॲन्युरिझम, साधारण 3 टक्के मोठ्या माणसांत असतो, त्यातले बहुतेक कधीच फुटत नाहीत, पण एकदा कळलं की घराची झोप उडते. एक काकू रिपोर्टमधला 'हायपोप्लास्टिक' शब्द वाचून रडत परत आल्या होत्या, मानेतली एका बाजूची नस जन्मापासून बारीक होती इतकंच, असं कितीतरी जणांचं असतं.

मात्र दोन सख्ख्या नातेवाइकांना असा फुगा निघाला असेल किंवा पॉलिसिस्टिक किडनीचा (किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा) आजार असेल तर डॉक्टरांना एमआरएबद्दल जरूर विचारा. आणि बाळंतपणानंतर डोकेदुखी वाढतच चालली, फिट आली, तर एक दिवसही थांबू नका, मेंदूच्या शिरेत गुठळी असू शकते आणि ती एमआर व्हेनोग्राफीत दिसते.

राहिला शून्य धोका. चुंबक कायम चालू असतो, मशीन बंद दिसलं तरी. 2018 मध्ये मुंबईत ऑक्सिजन सिलेंडर आत नेल्यामुळे एका तरुणाचा जीव गेला. किडनी खूप खराब असेल तर काही एमआरआयमध्ये इमेज उजळ यावी म्हणून देतात ते गॅडोलिनियमचं इंजेक्शन द्यायचं की नाही याचाही विचार करावा लागतो. पेसमेकर, जुनी मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट, जे असेल ते आम्हाला दारातच सांगा, जुनी फाइल सापडत असेल तर सोबत आणा.