वीटकामाच्या ड्रॉइंगवर खर्च नको म्हणणाऱ्यांसाठी

घर बांधायला काढलेल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो: ‘आरसीसीचं ड्रॉइंग चोख करून घ्या, वीटकामाच्या ड्रॉइंगवर पैसे घालवू नका. भिंती वजन घेत नाहीत. अनुभवी गवंड्याला सगळं ठाऊक असतं. करारात “आयएस कोडप्रमाणे” (म्हणजे भारतीय मानकांप्रमाणे) लिहिलं की पुरे. मालात (सिमेंट-वाळूच्या मिश्रणात) सिमेंट वाढवलं की भिंत पक्की.’ आरसीसीच्या ड्रॉइंगचा सोडला, तर यातला एकही सल्ला मानण्यासारखा नाही.

भिंती वजन घेत नाहीत? स्लॅबचं वजन कॉलम-बीम घेतात, इतकंच खरं. भिंतीचं स्वतःचं वजन मात्र त्याच बीमवर येतं. डिझाइन एएसी ब्लॉक (हवेची छिद्रं असलेले हलके सिमेंटचे ब्लॉक) धरून केलं आणि साइटवर विटा आल्या, तर ते वजन जवळपास तिप्पट होतं. शिवाय भूकंपात कॉलम-बीमच्या चौकटीत बसलेल्या भिंती इमारतीला ताठ करतात. वर भिंती आणि खाली पार्किंगसाठी नुसते खांब असले की सारा ताण खालच्या मजल्यावर येतो. 2001 च्या भूज भूकंपात अहमदाबादेत अशा इमारती कोसळल्या. आयएस 1893 या भूकंपविषयक मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत चौकटीतल्या भिंतींसाठी वेगळ्या तरतुदी आहेत. भिंत कशाची, किती जाड आणि कुठे, हे कागदावरच नसेल तर तो हिशेब करायचा कशावर?

आता गवंड्याचा मुद्दा. चांगल्या गवंड्याचा ओळंबा आणि लाइनदोरी यांना तोड नाही, पण जे ठरवणं त्याचं काम नाही ते आपण त्याच्यावर ढकलतो. खिडकीची सिल 900 मिमीवर, असं प्लॅनवर लिहिलेलं असतं. कुठून 900? स्लॅबपासून की फरशीपासून? 200 मिमी उंचीचे ब्लॉक असतील तर तळाला 15 मिमी माल, चार थरांचे 800, मधल्या तीन सांध्यांचे प्रत्येकी 3 प्रमाणे 9, झाले 824. वर 76 मिमीची, म्हणजे तीन इंची आरसीसी पाटली, की बरोबर 900. एकही ब्लॉक कापावा लागत नाही. तेच 900 फरशीपासून असतील आणि फरशीची जाडी 60 मिमी असेल, तर स्लॅबपासून 960 होतात. चार थरांवर 136 मिमी उरतात. ते कशाने भरायचे हे ड्रॉइंग सांगत नाही, मग तुकडे आणि जाड माल लागतो, आणि पुढे खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. थरांसकट काढलेलं एक एलेव्हेशन, म्हणजे भिंतीचं समोरून दिसणारं चित्र, हा प्रश्न आधीच सोडवतं.

अनुभव पुरतोच असंही नाही. 1993 च्या भूकंपात किल्लारी परिसरात कोसळलेल्या दगडमातीच्या जाड भिंती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातूनच उभ्या होत्या. आतली आणि बाहेरची अंगं बांधून ठेवणारे आरपार दगड त्यांत नव्हते, म्हणून ती अंगं सुटी झाली. असे दगड दर 60 सेंमी उंचीला आणि आडव्या दिशेत 1.2 मीटरच्या आत हवेत, हे लिहूनच द्यावं लागतं.

‘आयएस कोडप्रमाणे’ म्हणजे नेमकं काय? आयएस 1077 या विटांच्या मानकातच ताकदीनुसार विटांचे 3.5 पासून 35 न्यूटन प्रति चौरस मिमीपर्यंत वर्ग आहेत. तुम्ही वर्ग लिहिला नाही तर ठेकेदार सर्वांत स्वस्त वीट आणेल, आणि करारही मोडणार नाही. त्याऐवजी लिहा: 115 मिमी भिंत, 1:4 माल (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), दर तिसऱ्या थरात 6 मिमीच्या दोन सळया, विटा भिजवून वापरणे, पाणी घातल्यापासून दोन तासांत माल संपवणे, कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर प्लास्टरआधी जाळी. यातली प्रत्येक गोष्ट साइटवर उभं राहून तपासता येते.

राहिला सिमेंट वाढवण्याचा सल्ला. जास्त सिमेंटचा माल जास्त आकसतो. माल विटेपेक्षा कमकुवत असला तर हालचाल सांध्यांतल्या बारीक चिरांत जिरते. तो विटेहून कडक झाला की मोठी चीर विटेतूनच जाते. नऊ इंची भिंतीला साधारणपणे 1:6 पुरतो.

खर्चाचं म्हणाल, तर लहान घराला भिंतींची एलेव्हेशन आणि चार-पाच तपशिलांची दोन-तीन शीट पुरतात. त्यांत विजेच्या आणि नळाच्या पाइपांच्या झिऱ्या (भिंतीत कापायच्या खाचा) नक्की दाखवून घ्या. भार घेणाऱ्या भिंतीत उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको, असं आयएस 1905 हे वीटकामाचं मानक सांगतं. इलेक्ट्रिशियन कटर घेऊन येण्याआधी ते शीट त्याच्या हातात पडायला हवं.