‘असो. लिहीत राहा.’ : एका कमेंटला उत्तर, जरा लांबलंय

मागच्या आठवड्यात मी इथे स्कॉटिश लेखक इयान रँकिनच्या ‘नॉट्स अँड क्रॉसेस’वर लिहिलं होतं, म्हणजे एडिनबराचा पोलीस जॉन रेबस याच्यावरची पहिली कादंबरी, १९८७ची. त्यावर ‘जुना वाचक’ या नावानं एक कमेंट आलीय. दोन दिवस सोडून दिली, बायको पण म्हणाली सोड की, कुणाकुणाला उत्तरं देत बसणार, पण डोक्यातून जाईना. तेवढ्याशा चौकोनात मावणार नाही म्हणून वेगळी पोस्ट टाकतोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी कमेंट जशीच्या तशी:

“लेख वाचला. पहिल्या पुस्तकात रेबस इन्स्पेक्टर नाही, सार्जंट आहे. तपास म्हणाल तर तो काहीच करत नाही, खुणा पोस्टानं घरी येतात, त्याही त्याला कळत नाहीत, आणि शेवटी भाऊ संमोहन करतो तेव्हा गुंता सुटतो. खुनाचं उत्तर नेमकं तपास करणाऱ्याच्याच भूतकाळात सापडणं ही लेखकाची सोय आहे, तुम्ही तिला खोली म्हणताय. असला पछाडलेला डिटेक्टिव्ह आता साच्यातल्या गणपतीसारखा झालाय, दारू, घटस्फोट, जुनी जखम, फक्त रंग वेगळा. कोथरूडमध्ये सोफ्यावर बसून ‘गडद’ म्हणणं सोपं असतं, पोलिसाच्या मनात काय चालतं ते पोलिसाच्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही. असो. लिहीत राहा.”

तर पहिलं म्हणजे सार्जंट. बरोबर आहे तुमचं. डिटेक्टिव्ह सार्जंट. पुढच्या पुस्तकांमध्ये तो इन्स्पेक्टर होतो ते डोक्यात बसलं होतं, चूक माझी, दुरुस्त करतो. बघा, चूक मान्य करायला मला काही जड जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की याला टीका सहन होत नाही. टीका होते हो सहन. ‘असो’ होत नाही.

पुण्यात वाढलेल्या माणसाला ‘असो’चा अर्थ सांगायला लागत नाही. समोरचा अजून जिन्यात आहे आणि आपण कडी लावून घेतली, तसा तो शब्द. आणि वर ‘लिहीत राहा’! म्हणजे शाळेत चित्र काढून दाखवल्यावर बाई न बघताच ‘हं, छान, बस खाली’ म्हणायच्या ते. तुमच्या भाषेवरून तुम्ही साठीच्या पुढचे वाटता म्हणून काका म्हणतो, पण काका, मी पण पन्नाशी ओलांडलीय, मला आता लिहीत राहायला कुणाची परवानगी लागत नाही. नऊ वर्षं हा ब्लॉग चालवतोय, एक जाहिरात नाही की एक रुपया नाही, ऑफिस सुटल्यावर रात्री जागून लिहितो. ‘लेख वाचला’ एवढंच? आवडला का नाही आवडला ते तरी.

बरं, ते सोडा. मुद्द्यावर येतो, म्हणजे सोफ्यावर.

सोफा आहे. थ्री सीटर आहे, जुन्या बाजारातून घेतलेला आहे आणि त्याची एक बाजू बसलीय. कोथरूडमध्ये फ्लॅट पण आहे, २००६ साली कर्ज काढून घेतला. पण त्याआधी माझी सगळी शाळा शिवाजीनगरच्या पोलीस लाईनीत गेली. दीड खोली, बाहेर नळ, नळावर रोज सकाळी भांडणं आणि त्या भांडणांत पण बायकांचे रँक ठरलेले, जमादाराच्या बायकोची बादली आधी, शिपायाच्या बायकोची मागून. आमचे अण्णा पुणे पोलिसात. शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून रिटायर झाले. तेव्हा ‘पोलिसाच्या घरात राहिल्याशिवाय’ हे वाक्य तुम्ही जरा विचार करून टाकायला हवं होतं. आणि तुम्ही स्वतः लाईनीतलेच असाल तर तसं सांगायचं ना सरळ, काय सांगावं, आपल्या आया एकाच नळावर भांडल्या असतील.

आता नीट ऐका. अण्णा भरती झाले आणि पाठोपाठ १९७६-७७चं ते जोशी-अभ्यंकर प्रकरण झालं. दहा खून. करणारी कोण, तर कॉलेजात कला शिकणारी पोरं. ज्यांनी तो काळ पाहिलाय ते अजून सांगतात, संध्याकाळ झाली की पेठांमध्ये दारं बंद, बेल वाजली तरी आतून आधी चार प्रश्न. अण्णांना रात्रीची गस्त असायची. मी तेव्हा दोन-तीन वर्षांचा, मला काही आठवत नाही, पण त्या गस्तीच्या गोष्टी मी निदान पन्नास वेळा ऐकल्यात. लग्नात, बारशाला, गणपतीच्या बंदोबस्तातून पाय सुजवून आले तरी पाय गरम पाण्यात टाकून तेच. २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात चौघांना फाशी दिली तो दिवस मला आठवतो, लाईनीत प्रत्येक दारात तोच विषय, आणि अण्णा ओट्यावर बसून एखादं नाटक सांगावं तसं सांगत होते. हातवारे बितवारे करून. पुण्याला हादरवून टाकणारी केस, आणि माझा बाप ती रंगवून सांगायचा, मग गाढ झोपायचा.

दुसरी एक गोष्ट होती ती मात्र ते कधीच बोलले नाहीत. ती गोष्ट आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होत्या फक्त चपला.

मी नऊ-दहा वर्षांचा असेन, तेव्हापासून अण्णा रात्री ड्युटीवरून आले की दारात आधी वाकायचे आणि चपला लावायचे. माझ्या, ताईच्या, आईच्या. जोडीला जोड, टाचा दाराकडे, पुढची बाजू भिंतीकडे, आणि बोटानं मोजायचे. दिवा लावायचे नाहीत, अंधारातच, हातानं. एखादी ओट्याखाली गेली असेल तर बॅटरी घेऊन शोधून आणायचे आणि मगच पट्टा सोडायचे. आई आतून म्हणायची, ‘आहेत सगळ्या’. तरी मोजायचे. आम्हाला वाटायचं शिस्त, पोलिसाचं घर, असणारच. माझी एक स्लीपर एकदा शाळेच्या मैदानात हरवली, मी एका पायानं घरी आलो, तर या माणसानं मला मारलं नाही, ओरडला नाही, नुसता त्या पायाकडे बघत बसला, आणि मग जेवलाच नाही. मला वाटलं स्लीपरचे पैसे.

अण्णा २०११ला गेले. दहाव्याला ओंकारेश्वरावर आम्ही कावळ्याची वाट बघत उभे होतो, तेव्हा त्यांच्याबरोबर नोकरी केलेले एक काका माझ्या शेजारी येऊन हळूच म्हणाले, ‘शेवटपर्यंत चपला मोजायचा का रे?’ मी म्हणलं तुम्हाला कसं माहीत. मग त्यांनी सांगितलं. पर्वतीच्या बाजूला कालव्यातून एक पोरगं काढलं होतं, तुझ्याएवढंच, आम्ही दोघांनी मिळून काढलं, पंचनाम्यात मी सांगत होतो आणि तुझा बाप लिहीत होता, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. अकस्मात मयत म्हणून नोंद झाली. अण्णा म्हणे दुसरी चप्पल शोधत कालव्याच्या कडेनं अंधार पडेपर्यंत फिरले, साहेब म्हणाले काय गरज आहे, तरी फिरले. सापडली नाही.

एवढंच. त्यात खुनी नाही, फाशी नाही, पेपरात एक ओळ आली असेल नसेल. आणि हा माणूस पंचवीस वर्षं चपला मोजत होता. आता सांगा काका, पोलिसाच्या मनात काय चालतं हे मला कळतं की नाही?

मी रेबस पहिल्यांदा वाचला १९९७च्या सुमारास, फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश लायब्ररीतून आणून. तेव्हा अण्णा होते आणि कालव्याचं मला काही माहीत नव्हतं. तरीसुद्धा त्या माणसाचं वागणं मला ओळखीचं वाटलं. तो स्वतःच्या आर्मीतल्या दिवसांबद्दल बोलतच नाही, विषय आला की बाजूनं जातो, खोलीत मोठं कपाट असावं आणि घरातल्या सगळ्यांनी न सांगता त्याला वळसा घालून चालावं तसं. ती कादंबरी सुरू होते तीच मुळी वडिलांच्या थडग्यापाशी. आणि ते वडील स्टेजवर संमोहनाचे प्रयोग करायचे, भाऊ पण तेच करतो, म्हणजे संमोहन काही शेवटी आकाशातून पडलेलं नाही, पहिल्या पानांपासून घरातच ठेवलेलं आहे. तुम्ही पुस्तक वाचलंय ना? वाचलंच असेल, सार्जंट बरोबर सांगितलंत म्हणजे.

हो, आणि संमोहनाचं मी लेखात फोडलं असं आणखी एकानं म्हणलंय. पुस्तकाला चाळीस वर्षं होत आली. रामायणाचा पण स्पॉयलर होतो का?

साच्यातल्या गणपतीबद्दल फार बोलत नाही. शेरलॉक होम्स १८९०च्या पुस्तकात पहिल्याच पानावर कोकेन टोचून घेतो, स्वीडनचा मार्टिन बेक १९६५ पासून पोटदुखी आणि मोडत चाललेला संसार घेऊन फिरतो, म्हणजे साचा जुना आहे, मान्य. पण स्वीडनचाच पोलीस वॉलँडर आला १९९१ला, नॉर्वेचा हॅरी होल १९९७ला, दोघं रेबसच्या नंतरचे, तेव्हा नंतरच्यांच्या गर्दीचा राग आधीच्यावर कशाला काढता. उलट आपल्याकडे बघा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार काय, काळापहाड काय, लाईनीत ती पुस्तकं फाटेपर्यंत फिरायची. अण्णा पण वाचायचे, आणि हसायचे. झुंजारला रात्री झोप लागत नाही असं काही मी तरी वाचल्याचं आठवत नाही. तुम्हाला तसला हवा असेल तर तसं म्हणा, मला पण आवडतो, पण मग त्याला साचा नाही का म्हणायचं?

आणि तपास करत नाही म्हणता, तर रँकिननं स्वतःच सांगितलंय की ते लिहिताना आपण डिटेक्टिव्ह कादंबरी लिहितोय असं त्याला वाटतच नव्हतं, त्याला जेकिल आणि हाइड, म्हणजे एकाच माणसातला सभ्य डॉक्टर आणि दुष्ट माणूस, आजच्या एडिनबरात आणायचे होते. ते १८८६चं पुस्तक, आणि त्याच्याही मागे एडिनबराचाच डीकन ब्रॉडी, दिवसा नामांकित सुतार, नगरपरिषदेत मानाची जागा, आणि रात्री ज्यांच्या घरी काम केलं त्यांच्याच किल्ल्यांचे ठसे घेऊन घरफोड्या. १७८८ला फासावर गेला. वरून सभ्य, देखणं, शिक्षणाचं गाव आणि खाली हे. पुणेकराला हे परकं वाटायला नको, दिवसा चित्रं काढणारी पोरं आपण पण पाहिलीत.

आता तुम्ही म्हणाल, मला माहितीय काय म्हणाल, की तुझ्या अण्णांनी चपला घरात मोजल्या, त्या पोराचा भूतकाळ कुठल्या केसमध्ये येऊन उभा राहिला नाही, त्यानं कुठला गुन्हा उलगडला नाही, रेबसच्या दारात मात्र त्याचाच जुना जोडीदार सुतळीच्या गाठी आणि आगकाडीचे क्रूस पाकिटात घालून पाठवतो. हो, तसंच आहे. अण्णांना कुणी काही पाठवलं नाही. ते पोरगं कुणाचं होतं ते तरी कळलं का, हे मी त्या काकांना विचारायला हवं होतं, पण तेवढ्यात कावळा शिवला आणि सगळे उठले. लिहिता लिहिता मला पण दिसतंय की हा भाग जरा तुमच्या बाजूला जातोय, पण तुम्ही तो असा मांडलाच नव्हता ना! मांडला असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं. तुम्ही थेट सोफ्यावर घसरलात.

आत्ता लेखात जाऊन ‘इन्स्पेक्टर’ काढून ‘सार्जंट’ केलंय, तीन ठिकाणी होतं. खाली ‘चूक लक्षात आणून दिल्याबद्दल आभार’ असं पण टाकणार होतो, पण ‘जुना वाचक यांचे आभार’ असं लिहिलं तर लोकांना वाटेल मीच मला कमेंटा टाकतोय. पुढच्या वेळी नाव टाका.