डॅशबोर्ड हिरवा दिसला पाहिजे

संस्थेचं ऑफिस साताऱ्यात, काम माण-खटावात आणि निधी आलाय ‘सामाजिक वर्तन बदला’साठी, म्हणजे लोकांच्या सवयी बदलण्यासाठी. अभिनंदन! आता गावात जाण्याची घाई करू नका. आधी लोकांचे नंबर सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्या. पहिले सहा महिने त्यातच गेले पाहिजेत.

डेमो पुण्याच्या हॉटेलात बघावा, वाय-फाय चांगलं असतं. ‘रेंज नसताना चालतं का?’ हा प्रश्न फक्त गावात घरोघरी फिरणाऱ्या आशाताईंना सुचतो, म्हणून त्यांना डेमोला बोलवायचं नाही. सिव्हीसीआरएम या सॉफ्टवेअरचं नाव कोणी काढलं तर विषय बदला. सामाजिक संस्थांसाठीच बनलेलं आहे, परवान्याला पैसे पडत नाहीत; पण शून्य रुपयांचं कोटेशन विश्वस्तांपुढे कोणत्या तोंडाने ठेवणार?

माणसाची ओळख मोबाईल नंबरावरून पटवणारंच निवडा. दहिवडीकडच्या एखाद्या घरात फोन एकच असतो आणि तो कर्त्या पुरुषाच्या खिशात. सासू, दोन सुना आणि दहावीतली मुलगी, चौघींनी तोच नंबर दिलेला. सॉफ्टवेअर ‘दुबार नोंद’ म्हणत चौघींची एक बाई करून टाकतं. यादी कशी स्वच्छ! मग पाळणा लांबवण्याचा संदेश त्या नंबरावर जातो, नवरा ट्रॅक्टरवर बसून तो उघडतो, निळ्या टिका पडतात आणि अहवालात येतं, ‘लाभार्थी महिलेने संदेश वाचला’. एका नंबरामागे चार माणसं वेगवेगळी ठेवणारी सॉफ्टवेअरंही मिळतात. ती घेतलीत तर चौघींशी वेगवेगळं बोलावं लागेल. एवढा वेळ कुणाला आहे?

मराठीचा हट्ट सोडा. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी तर तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच पोचते, म्हणजे जे आधीच तुमचं ऐकतात त्यांना. प्रस्तावात हे लिहू नये.

परवानगीच्या पातळ्या वगैरे भानगडी नकोत, सगळ्यांना सगळं दिसू द्या. नोंदी भरणारा पोरगा त्याच गावचा असतो. व्यसनमुक्तीच्या यादीत कोण आहे हे त्याने संध्याकाळी पारावर सांगितलं, तर प्रसार फुकटात होतो. संमतीच्या रकान्यात ‘होय’ आधीच भरलेलं असावं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क देतो. ते बटण मेनूच्या तळाशी, इंग्रजीत असलं म्हणजे झालं.

आता खर्च. दर नंबरागणिक पैसे लागतात, त्यामुळे ‘निष्क्रिय’ नंबर काढून टाका. मराठवाड्यातून इकडच्या फडात आलेल्या ऊसतोड टोळ्या हंगाम संपून पट्टा पडला की परत जातात, सिमकार्डं बदलतात. ‘गाव’ हा रकाना एकच असल्याने त्या कुठल्याच गावात बसत नाहीत. त्या गेल्या, फोन न उचलणारे गेले, उत्तर न देणारे गेले. उरतात ते ज्यांचं वर्तन आधीपासूनच बरं होतं. डॅशबोर्ड हिरवागार.

तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावोगाव खराटे निघाले, पण लॉगिन कोणाकडेच नव्हतं. किती जणांनी खराटा ‘ओपन’ केला याचा आकडा त्यामुळे आजही मिळत नाही. तुम्ही तसली चूक करू नका.

करार संपल्यावर डेटा कसा परत मिळेल, हे मात्र विचारू नका. उगाच संबंध बिघडतात. शिवाय आशाताईंकडे वही असतेच. कोणाची सून माहेरी गेली, कोणाचा नंबर बंद पडला, कोणाच्या घरी सासऱ्यांसमोर गोळ्यांचा विषय काढायचा नाही, सगळं तिच्यात असतं. ती एकदा मागून टाइप करून घ्या आणि परत देऊन टाका. सॉफ्टवेअरमधले नंबर लागेनासे झाले की फोन आशाताईंनाच करायचा असतो.