वाळेपर्यंत हात लावू नकोस!

सहलीच्या पिशवीत सतरंजी, पाण्याच्या बाटल्या, धपाटे, दह्याचा डबा आणि लेकीचे दोन जादा फ्रॉक बसले, की उरलेल्या जागेत माझी जलरंगांची चित्रकला बसते. ही जागा साधारण चिवड्याच्या पुडीएवढी असते. त्यामुळे मोठ्या बोर्डाची हौस मी कधीच सोडून दिली आहे. पोस्टकार्डाएवढा, म्हणजे सहा बाय चार इंचांचा कागद पुरतो. तो ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाडजूड मात्र हवाच. शाळेच्या चित्रकलेच्या वहीवर भागवायला जाऊ नये. तो कागद पातळ असतो. ओल्या बाजूचे तंतू फुगतात, मागची बाजू कोरडीच राहते आणि कागद तळलेल्या पापडासारखा वळतो. मग आकाशाचा निळा वाहत जाऊन खळग्यात साचतो आणि आभाळात डबकी होतात.

जलरंग आणि लहान मूल यांचं मूळ भांडण एकच. जलरंगात निम्मं काम थांबण्याचं असतं. पाच वर्षांच्या मुलीला ‘थांब’ हा शब्द कळतो, पण तो इतरांसाठी आहे असं तिचं प्रामाणिक मत असतं. माझ्या हिशेबाने सलग सात मिनिटं मिळतात. आठव्या मिनिटाला शू, भूक किंवा ‘बाबा, मला पण!’ चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हातात दिवा धरलेली बाई, तीही जलरंगात. त्यासाठी त्यांची लेक तासन्‌तास उभी राहिली होती. ती तेव्हा चांगली मोठी होती, हा मुद्दा मी घरी बोलत नाही.

आता समजा, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आलो आहोत. समोर कृष्णा, मागे नाना फडणविसांचा वाडा, शेजारी मेणेश्वराचं देऊळ, आणि वसईच्या मोहिमेतून (१७३९) आलेली ती प्रचंड घंटा. नवशिका आधी घाट काढायला घेतो. पायऱ्या मोजत बसतो. अहो, घाट अठराव्या शतकापासून तिथेच आहे, तो कुठे पळत नाही! आधी पोर काढायचं. ते तिसऱ्या पायरीवर आहे म्हणेपर्यंत पाचव्या पायरीवर गेलेलं असतं. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षेला ‘स्मरणचित्र’ नावाचा पेपर का असतो, याचा उलगडा मला बाप झाल्यावर झाला.

पोर काढायचं म्हणजे नाकडोळे नव्हेत. एक ठिपका डोक्याचा, एक वाकडी रेघ पाठीची, खाली फ्रॉकचा त्रिकोण, आणि दोन्ही पाय मिळून गाजरासारखं एकच निमुळतं टोक. बस. चुकतं ते डोक्याच्या मापात. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी भरते, पाच वर्षांच्या मुलाची साडेपाचच्या आसपास. सवयीने डोकं लहान काढलं, की घाटावर फ्रॉक घातलेल्या बुटक्या काकू उभ्या राहतात. आजी तर लगेच विचारतात, “ही कोण रे? आपल्यातली नाही वाटत.”

रेषा पेन्सिलीने काढायची तर टूबी पुरे. पेन हवं असेल तर दहा रुपयांचं बॉलपेन उत्तम, पाणी लागलं तरी शक्यतो हलत नाही. शाईपेन वापरलंत तर पहिल्याच हाताला सगळं कुटुंब निळं होतं.

रंगांसाठी मी जुनी कंपासपेटी घेतो. आत बाटल्यांची सहा झाकणं चिकटवून, प्रत्येकात ट्यूबमधला वाटाण्याएवढा रंग दोन दिवस आधी पिळून सुकवतो. घाटाचे दगड काळे म्हणून तयार काळा उचलायचा मोह होतो. तो लावला की घाटाचा डांबरी रस्ता होतो. त्याऐवजी अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना एकत्र करावे. सावलीतल्या पायरीला निळा जास्त, उन्हातल्या पायरीला तपकिरी. पांढरा मुळीच नको. फ्रॉकवर, डोक्यावर ऊन पडलंय तेवढा कागद कोराच सोडायचा. एकदा तिथे रंग गेला की गेला.

पाण्याला खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या न्याव्यात, दोन. एकीत ब्रश धुवायचा, दुसरीतलं पाणी स्वच्छ ठेवायचं. उघडा पेला ठेवलात तर दुपारच्या चहाच्या वेळी घात होतो. बर्न्ट सिएनाचं पाणी आणि थर्मासमधला चहा यांत रंगाचा फरक नसतो. ब्रश चहात गेला तर निभावतं; उलटं झालं तर बायको पुढच्या सहलीला कंपासपेटी घरी ठेवायला लावते.

खरा अपघात पातळ रंगाचा थर अर्धा वाळलेला असताना होतो. नदीचा निळा नुकताच लावलाय, चमक गेलीय, वाळल्यासारखा दिसतोय. पण तळहाताची मागची बाजू कागदाजवळ नेली तर गारवा लागतो. म्हणजे आत ओल आहे. नेमकं याच वेळी लेकीचं ओलं बोट चित्रातल्या कृष्णेत उतरतं. नवं पाणी अर्धवट वाळलेल्या रंगाला कडेला ढकलतं आणि नदीत झकास फुलकोबी उगवतो. पुसायला जाऊ नये, दुसरा उगवतो. आडोशाला झाड काढून मोकळं व्हावं. माझ्या चित्रांत कृष्णाकाठी झाडी दाट का, याचं कारण एवढंच. एप्रिलच्या उन्हात उलट तऱ्हा, ब्रश उचलेपर्यंत कड वाळते. पावसाळ्यात अर्धा तास झाला तरी ढिम्म.

कैरीवरचं मीठ मात्र कामाला येतं. रंग ओलसर असताना चार दाणे पडले, तर प्रत्येक दाणा भोवतालचं पाणी ओढून घेतो आणि चांदण्यांसारख्या खुणा उमटतात. फक्त मीठ साधं असावं. तिखटमीठ पडलं की नदीला गोवर येतो.

‘मला पण!’ला उपाय एकच: तिला त्याच जातीचा दुसरा कागद, स्वतःचा आठ नंबरचा ब्रश आणि पांढरा मेणखडू. मेणखडूने पाण्याचे तुषार तिने आधी काढायचे, मग वरून निळा. मेणावर रंग धरत नाही, तुषार आपोआप उमटतात. दोन्ही कागदांना चारी बाजूंनी सेंटीमीटरभर मास्किंग टेप लावावी. चौकटीत कुठलाही गोंधळ चित्र दिसतो. टेप आधी पँटवर एकदा चिकटवून काढली तर गोंद मवाळ होतो. काढायची ती कागद खडखडीत वाळल्यावर, तिरकी, चित्राच्या बाहेरच्या दिशेने. मुलं ती ओली असतानाच, आतल्या दिशेने, एका झटक्यात काढतात.

मागे उभे असलेले काका विचारतात, “फोटो का नाही काढत? पटकन होतं.” त्यांना हसून दाखवावं.

निघताना कागद चिमट्याने पुठ्ठ्याला लावून गाडीत उघडे ठेवावेत, वहीत घालून मिटले की चिकटतात. मागे पेन्सिलीने तारीख आणि जेवण लिहावं. ब्रश धुऊन आडवा सुकवावा. उभा ठेवला तर पाणी पत्र्याच्या कडीत उतरतं आणि केस सुटतात. हे सगळं मी वाईच्या पुढे आल्यावर गाडीत समजावून सांगत असतो. ब्रश तिसऱ्या पायरीवर आडवाच सुकत असतो.